आठ जणींची ‘विच’ आणि एकीची ‘चेटकीण’

ताई,

मी साताऱ्यात शनिवार पेठेत राहते. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी आठवी ते दहावीच्या नऊ मुली वाचायला जमतात. माझी लेकही त्यात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींच्याच हट्टाने एक इंग्रजी कादंबरी घेतली. सोळा वर्षांच्या मुलीला कळतं की आपण ‘विच’ आहोत, आपली आजीही तीच होती, आणि गावाला हे कळलं तर आपल्याला जाळतील. चारशे पानं, तीन भागांतला पहिला भाग. वाचून झाल्यावर एका वहीत प्रत्येकीने आपापलं मत लिहिलं.

ती वही एका मुलीच्या घरी गेली आणि तिथून सगळं सुरू झालं. तिच्या आईचा फोन आला, ‘वयात आलेल्या पोरींना असलं अमंगळ कशाला वाचायला देता?’ दुसऱ्या एका मुलीचे वडील अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. ते घरीच आले. म्हणाले, ‘दाभोलकरांच्या साताऱ्यात तुम्ही मुलींना चेटूक वाचायला लावता?’ मला दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही.

तिसरी गोष्ट जास्त लागली. एका मुलीने लिहिलं की तिला पुस्तक आवडलं नाही, आणि गावाकडच्या कुणा बाईबद्दल चार ओळी लिहिल्या. बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या, ‘अगं, ही गोष्ट आहे, खरं थोडंच आहे?’ त्यानंतर ती दोन शनिवार आली नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, बंदच कर हे सगळं. मुली दुसरा भाग मागताहेत. काय करू? वहीच्या पानांच्या झेरॉक्स सोबत पाठवतेय.

— साताऱ्याची एक वाचक

* * *

खरं तर तुमच्या पत्राआधी मी मुलींची पानं वाचायला हवी होती. पत्र वाचून वाटलं होतं, दोन पालक रागावलेत, एक मुलगी रुसलीय, तेव्हा समजूत कशी घालायची एवढंच सांगायचंय. पानं वाचली आणि तसं राहिलं नाही. म्हणून पालकांकडे नंतर वळू, आधी पानांबद्दल बोलू.

किती खरं लिहिलंय पोरींनी! एक लिहिते, ‘पहिली शंभर पानं कंटाळा आला. नावंच लक्षात राहत नव्हती. मग आजीची पेटी उघडते, तिथून रात्री दीडपर्यंत वाचत बसले.’ आपण मोठी माणसं इतकी साधी नोंद करत नाही. कंटाळा आला हे कबूल करायची आपल्याला लाज वाटते, आणि रात्री दीडपर्यंत जागलो हे सांगायचीही. दुसरी नायिकेवर चिडलीय: ‘तिला दोन मुलांपैकी कुठला आवडतो हे ठरवायला तीनशे पानं लागतात. तेवढ्यात गावात दोन बायकांना जाळलं. तिला दिसत नाही का?’ या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांचं एक मोठं दुखणं तिने बरोबर पकडलंय. दोन मुलगे आणि एक मुलगी हा त्रिकोण त्यात जवळपास ठरलेला असतो, आणि पुष्कळदा गोष्टीतल्या खऱ्या संकटाची जागा तोच खाऊन टाकतो. तिसरीने एकाच वाक्यात निकाल दिलाय, ‘शेवट नाहीच, अर्ध्यावर सोडलंय, हे चीटिंग आहे.’ हेही पटलं मला. मालिका लिहायची म्हणून पहिलं पुस्तक लोंबकळत ठेवणं वाचकावर अन्याय आहे. पहिल्या भागाचं आपलं असं काहीतरी पूर्ण व्हायलाच हवं.

आणि चौथीचं पान. ते जसंच्या तसं इथे देते.

‘यातल्या जादूला किंमत आहे. मंत्र म्हटला की दर वेळी तिची एक आठवण जाते. कुठली जाणार ते तिच्या हातात नसतं. शेवटच्या मंत्राला तिच्या आजीचा आवाज जातो. आजीचा चेहरा आठवतो, आजी काय बोलायची तेही आठवतं, पण आवाज येत नाही. माझी आजी मागच्या वर्षी गेली. मी पुस्तक मिटलं आणि मोबाइलमध्ये आजीचा जुना व्हॉइस मेसेज शोधला.’

हे वाचून मी बराच वेळ काही केलं नाही. जादू फुकट मिळाली तर गोष्टीला चव राहत नाही, हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. श्रावणातल्या कहाण्या आठवा. देवी प्रसन्न होते, गरिबाच्या घरी धनधान्य येतं, आणि लगेच बजावलं जातं, ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.’ दान मिळालं की त्याबरोबर अट येतेच. ही मुलगी इंग्रजी कादंबरी वाचत होती आणि तिच्या मनाने नेमकी तीच अट ओळखली. ज्या पुस्तकामुळे एक मुलगी रात्री आपल्या गेलेल्या आजीचा आवाज शोधायला उठली, ते अमंगळ कसं म्हणायचं?

आता नववं पान.

‘मला हे पुस्तक आवडलं नाही. आमच्या गावात एका बाईला चेटकीण म्हणतात. तिला उडता येत नाही. गिरणीत तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेतात. कुणाची म्हैस आटली की तिचं नाव घेतात. पुस्तकातल्या मुलीला ताकद मिळाली. तिला काही मिळालं नाही.’

पेन्सिलने लिहिलंय. ‘चेटकीण’ हा शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिलाय, झेरॉक्समध्येसुद्धा त्याचा करडा डाग उमटलाय. तो डाग पाहिला आणि मी उरलेली आठ पानं पुन्हा चाळली. तुम्हीही वही काढून बघा. आठही जणींनी सगळीकडे ‘विच’ लिहिलंय. वाक्यं मराठी, लिपी देवनागरी, पण शब्द ‘विच’च. त्या शब्दाचं मराठी एकटीनेच केलं, आणि करताना तिचा हात अडखळला.

तुमच्याकडचं सगळं भांडण मला या दोन शब्दांच्या मध्ये दिसतं. फोन करणाऱ्या आईंनी ‘विच’ वाचलं आणि त्यांच्या मनात चेटकीण आली. घरी आलेल्या वडिलांच्याही मनात चेटकीणच आली. आठ मुलींच्या मनात मात्र ती आलीच नाही. त्यांच्यासाठी विच म्हणजे लांब झगा, मांजर, ताऱ्यांचं रान आणि आपल्याच वयाची एक हुशार मुलगी. यात कुणीही खोटं बोलत नाहीये. दोन्ही शब्दांच्या मागे वेगवेगळा प्रवास आहे, आणि तो मुलींना कुणी सांगितलेला नाही. तो सांगायचं काम तुमचं आहे. या पत्राला माझं मुख्य उत्तर एवढंच.

इंग्रजीतला तो शब्द आज मिरवण्यासारखा झाला, पण तो तसा नव्हता. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकाच्या आरोपावरून साधारण ४० ते ६० हजार माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सालेमची गोष्ट तर तुमच्या मुलींना नक्की सांगा, कारण ती त्यांच्याच वयाच्या मुलींपासून सुरू होते. १६९२ साली बेटी पॅरिस या ९ वर्षांच्या आणि ॲबिगेल विल्यम्स या ११ वर्षांच्या मुलीला झटके येऊ लागले. पाठोपाठ १२ वर्षांच्या ॲन पटनमलाही. कुणी केलं, कुणी केलं, असं मोठ्यांनी विचारत राहावं आणि मुलींनी नावं घ्यावीत, असं चाललं. अमकीची छाया येऊन मला चिमटे काढते, गळा दाबते, ही साक्ष कोर्टाने चक्क पुरावा म्हणून धरली. त्या एका वर्षात १९ जणांना फाशी दिली, त्यांत १४ बायका. आरोपाला उत्तर द्यायला नकार देणाऱ्या जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. (कादंबऱ्यांमध्ये नेहमी जाळतात. सालेममध्ये कुणालाही जाळलं नव्हतं, कोरी सोडला तर सगळ्या फाशा होत्या. जिने ‘दोन बायकांना जाळलं’ असं लिहिलंय तिला हे मुद्दाम सांगा, तिला असले तपशील आवडतील असं तिच्या लिहिण्यावरून वाटतं.)

पुढचं जास्त महत्त्वाचं. ॲन पटनम मोठी झाली आणि १७०६ साली तिने चर्चमध्ये सगळ्यांसमोर माफी मागितली. आणि एलिझाबेथ जॉन्सन नावाची एक २२ वर्षांची मुलगी, जिला फाशीची शिक्षा सुनावली होती पण प्रत्यक्षात दिली गेली नाही, तिच्या नावावरचा गुन्हा पुसायचं राहूनच गेलं होतं. तो पुसला गेला २०२२ साली. कुणामुळे? तिथल्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलांमुळे. नागरिकशास्त्राच्या तासाला त्यांनी हा विषय हातात घेतला, कागद जमवले, लोकप्रतिनिधींना लिहिलं, आणि शेवटी राज्याने तिला निर्दोष ठरवलं. सुमारे तीनशे तीस वर्षांनी. आठवीची मुलं! तुमच्याकडे जमणाऱ्या धाकट्या मुलींएवढी.

म्हणजे जी भाषा या शब्दाने बायकांना मारत होती, तिच्या पुढच्या पिढ्यांनी तोच शब्द उलटा धरला आणि आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बाईला नायिका केलं. आज त्या कादंबऱ्यांत नायिकेच्या हातात जी ताकद दिलेली असते, ती मला भरपाईसारखी वाटते. फार उशिरा दिलेली, कागदावरची, पण भरपाई.

मराठीत ती भरपाई झालेली नाही. आपल्याकडे रंगमंचावरची लांब नाकाची, खी-खी हसणारी चेटकीण आहे, तिला पाहून मुलं पोटभर हसतात आणि ते मला आवडतं. पण रंगमंचावरून उतरून तोच शब्द गावात जातो तेव्हा तिथे कुणी हसत नाही. चेटकीण, हडळ, जखीण, डाकीण, अवदसा. बाईला लावायला आपल्याकडे किती शब्द! यातला ‘जखीण’ तर मूळचा ‘यक्षिणी’. लेण्यांच्या, देवळांच्या दारावर जिला मानाने कोरलं, तिची बोलीत जखीण झाली आणि पोरांना भीती घालायला उरली. कराडजवळ जखिणवाडी म्हणून गाव आहे, तिथेच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पाऊस ओसरला की एखाद्या रविवारी मुलींना घेऊन जा. लेण्यांत बसून हा एक शब्द त्यांच्याशी बोला, घरातल्या बैठकीपेक्षा तो तिथे जास्त कळेल.

आता एक माझं सांगते. मी नऊ-दहा वर्षांची होते. आमच्या वाड्याच्या मागे ओढ्याच्या कडेला एक म्हातारी राहायची. मूलबाळ नाही, नवरा लग्नानंतर लवकरच गेलेला. आमची आई तिला दर गुरुवारी ताक पाठवायची, आणि नेऊन द्यायचं काम माझं. आळीतल्या बायकांनी मला बजावलेलं, ‘भांडं उंबऱ्यावर ठेव, तिने काही दिलं तर तोंडात घालू नको.’ एकदा तिने माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. मी मूठ मिटली आणि पळत सुटले. ओढ्यापाशी येऊन मूठ उघडली तर गूळ पाघळून बोटांना चिकटला होता. झटकला तरी जाईना. दगडावर घासून घासून हात धुतला. मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. पुढच्या गुरुवारी तिने ताकाचं भांडं घेतलं, विसळून परत दिलं, आणि काही दिलं नाही. त्यानंतर कधीच दिलं नाही.

मला त्या वयात तिच्याबद्दल कुणी विचारलं असतं तर मी काय लिहिलं असतं? तुमच्याकडच्या त्या मुलीने जे लिहिलंय ते मला लिहिता आलं नसतं. मी आळीच्या बाजूने होते. ती नाहीये. पंधरा वर्षांच्या पोरीला गिरणीतल्या रांगेत एका बाईचा डबा सतत मागे सरकवला जातोय हे दिसलं, लक्षात राहिलं, आणि चारशे पानांचं पुस्तक वाचताना नेमकं तेच आठवलं. नऊ जणींत पुस्तक सगळ्यांत खोल गेलं ते तिच्यात. तिने ‘आवडलं नाही’ लिहिलं म्हणून बाकीच्यांना वाटलं की तिला कळलं नाही.

त्या आठ जणींवर रागावू नका. ‘ही गोष्ट आहे, खरं नाही’ हे त्यांचं वाक्य चूक नाहीये. उलट तुमच्याकडे आलेल्या वडिलांनी हे वाक्य ऐकायला हवं होतं, त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटली असती. पण मैत्रीण एका खऱ्या बाईबद्दल सांगत असताना ते वाक्य तोंडावर मारलं की त्याचा अर्थ बदलतो. ‘तू सांगतेस तेही खरं नाही’ असं तिला ऐकू येतं.

तेव्हा पहिलं काम, तिच्या घरी जा. फोन करू नका, मेसेज तर नाहीच. लेकीलाही बरोबर नेऊ नका, एकट्या जा. ती रुसली म्हणून समजूत काढायला गेलात तर ती आणखी मिटेल. ‘तुझ्या पानाबद्दल मला बोलायचंय, कारण तुला जे दिसलं ते आम्हा कुणाला दिसलं नाही,’ असं सांगा, आणि ते खरं आहे म्हणून सांगा. त्या बाईचं नाव, गाव, काय झालं, कधी झालं, हे उकरून विचारू नका. स्वतः सांगितलं तर ऐका. आणि शनिवारी सगळ्यांसमोर तिला ‘सांग गं तुझ्या गावचं’ असं कधीही म्हणू नका. गोष्टीबद्दल बोलायला ती येते, साक्ष द्यायला येत नाही.

त्यापुढे जाऊन तिने असं काही सांगितलं की त्या बाईला खरोखर त्रास होतोय, मारहाण होतेय, पाणी-दळण तोडलंय, तर मात्र ती गोष्ट वहीत ठेवू नका. तेव्हा कुणाकडे जायचं? तुमच्याकडे रागाने आलेल्या त्याच वडिलांकडे. ते हे काम करतात. तुमच्या ओळखीत त्यांच्याइतका उपयोगी माणूस या बाबतीत दुसरा नाही.

त्यांच्या रागाबद्दल बोलू. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला हा राग यावा, हे मला अगदी समजतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर तुमच्या गावचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं घासाघीस केली, आणि २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. एवढी किंमत मोजून आलेला कायदा आहे तो, आणि ज्यांनी त्यासाठी सह्या गोळा केल्या, गावोगावी प्रयोग करून दाखवले, त्यांना चेटकिणीचं रंगीत मुखपृष्ठ मुलीच्या दप्तरात दिसलं की काळजात चर्र होणारच.

पण त्यांच्याशी बोलताना तोच कायदा समोर ठेवा. त्याच्या अनुसूचीत काय आहे? अमकी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं, हा गुन्हा. जारणमारण, करणी, चेटूक यांच्या नावाखाली कुणाला मारणं, नागवं करून धिंड काढणं, तिच्या रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणं, हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. म्हैस आटली की तिचं नाव घेतात, असं त्या मुलीने पेन्सिलने लिहिलंय. कायद्यातलीच ओळ लिहिलीय तिने, कायदा न वाचता. हे पान त्या वडिलांना दाखवण्याआधी तिची परवानगी घ्या, पण मिळाली तर जरूर दाखवा. आणि विचारा, ‘ही कादंबरी वाचली नसती तर हे पान लिहिलं गेलं असतं का?’

अद्भुत गोष्ट आणि अंधश्रद्धा यांत मी फरक करते तो असा. कादंबरी वाचकाला सांगूनसवरून खोटं सांगते. चल, तीन-चार दिवस असं धरून चालू की मंत्राने दार उघडतं. वाचक हो म्हणतो, पुस्तक मिटलं की किल्लीनेच दार उघडतो. अंधश्रद्धा असा करार करत नाही. ती म्हणते हे खरंच आहे, आणि आता उठ आणि त्या बाईच्या घरी दगड मार, नाहीतर अमुक इतके पैसे आणून दे. चमत्कार करून दाखवायचा आणि मग त्यामागची युक्ती उलगडून सांगायची, हीच तर या चळवळीची शिकवण्याची रीत आहे. चांगली कादंबरी वाचणारी मुलंही हेच शिकतात: गोष्टीत शिरायचं कसं आणि बाहेर यायचं कसं. ज्या मुलांना गोष्टच मिळाली नाही ती मोठी झाल्यावर बुवाबाजीला कशी ओळखणार, हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे. त्या वडिलांना एका शनिवारी बोलवा. जळता कापूर जिभेवर ठेवण्याचा प्रयोग ते करत असतील तर करून दाखवायला सांगा, आणि मग मुलींनी त्यांना कादंबरीतल्या जादूचे नियम समजावून सांगावेत. त्यांचा राग या मुलींसमोर टिकणार नाही.

फोन करणाऱ्या आईंचं थोडं वेगळं आहे. त्यांनी वापरलेला ‘वयात आलेल्या पोरी’ हा शब्द मी सोडून देणार नाही. मुलगी वयात आली की तिला बाहेरचं लागेल, नजर लागेल, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नको, या भीतीत आपण सगळ्याच वाढलो. दिवेलागणीला मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणाऱ्या हातांत माया असते, ती मी नाकारत नाही. पण मला वाटतं, त्यांची खरी भीती दुसरी आहे. मुलगी इंग्रजीत चारशे पानं वाचते, त्यात काय आहे ते आईला कळत नाही, आणि विचारायचीही सोय नाही. लेक हातातून निसटत चालल्यासारखी वाटते. पुस्तकात चेटकीण नसती, डिटेक्टिव्ह असता, तरी हा फोन आज ना उद्या आलाच असता.

त्यावर वाद घालून काही होणार नाही. त्यांच्या लेकीला एक काम द्या: रोज भाकऱ्या होईपर्यंत तिने आईच्या शेजारी बसून ती गोष्ट मराठीत सांगायची. रोज थोडी थोडी, जिथे थांबली तिथून पुढे. आजीच्या आवाजापर्यंत येईस्तोवर आईच विचारील, ‘मग पुढे काय झालं गं?’ आणि सांगताना तिला ‘विच’ला मराठी शब्द शोधावाच लागेल. तो कुठला निवडते ते बघा. मला फार उत्सुकता आहे.

एक मात्र तुमचं चुकलं, ते स्पष्ट सांगते. ती वही घराघरांत फिरायला नको होती. मुलींनी ती एकमेकींसाठी लिहिली, आणि वाचली पालकांनी. आता पुढच्या वेळी त्या जपून लिहितील, चांगलं दिसेल असं लिहितील, आणि मग वहीला अर्थ राहणार नाही. शनिवारी मुलींसमोर हे कबूल करा आणि वही तुमच्याच कपाटात राहील असं ठरवा. मलाही झेरॉक्स पाठवताना तुम्ही विचारलं नसेल, तर आता विचारा. मी इथे एकाही मुलीचं नाव दिलेलं नाही, आणि या झेरॉक्स या आठवड्यात तुम्हाला परत पाठवते आहे.

बंद करायचं का? नाही. सासूबाईंना सांगा, ताईंनी नाही म्हटलंय. त्यांना एखाद्या शनिवारी बैठकीत बसवा आणि त्यांच्या लहानपणीची हडळीची एक गोष्ट सांगायला लावा, त्यांच्याकडे नक्की असेल.

दुसरा भाग लगेच आणू नका. मध्ये एक महिना जाऊ द्या, आणि त्या महिन्यात सालेमबद्दल वाचा, जखिणवाडीला जा, आणि दोन बायकांची माहिती मुलींनाच शोधायला लावा. एक झारखंडच्या छुटनी देवी आणि एक आसामच्या बिरुबाला राभा. छुटनी देवींना गावाने डायन ठरवून छळलं, घर सोडायला लावलं, आणि पुढे त्यांनी तसाच आरोप झालेल्या बायकांसाठी आयुष्य घातलं. बिरुबालांनी आसामात याच प्रथेविरुद्ध लढा दिला. २०२१ च्या यादीत दोघींना पद्मश्री मिळाली. नवव्या पानावरच्या ‘तिला काही मिळालं नाही’ या वाक्याला हे पुरेसं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. गिरणीतल्या त्या बाईला अजूनही काही मिळालेलं नाही. पण ही नावं त्या मुलीने ऐकलेली असावीत असं मला फार वाटतं, आणि ती तिला तुमच्याकडूनच कळावीत.

मग महिन्याने दुसरा भाग आणा. नऊ जणींनी वर्गणी काढून एकच प्रत घ्या, पाळीपाळीने वाचा, आणि पहिली पाळी नवव्या मुलीला द्या. तिला नको असेल तर नको, नावडतं पुस्तक न वाचायचा हक्क तिलाही आहे. त्या वेळी तिला कोपऱ्यात बसून दुसरं काही वाचू द्या, फक्त खोली तीच असू दे.

आणि दुसऱ्या भागात त्या नायिकेला आजीचा आवाज परत मिळतो का, तेवढं मला कळवा. चौथ्या पानावरच्या मुलीला आधी कळू दे, मग मला.